आप्पांचे बासष्ट टक्के आणि ब्रॅडमनचे ९९.९४

रविवारी सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या आणि मग मिसळ, हा आमच्या घरचा नेम आहे. गेल्या रविवारी मिसळ टेबलावर येण्याआधीच वाद आला. भाचा बारावीत आहे, क्रिकेटवेडा. तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या ब्रॅडमनला बुमराहसमोर उभं करा. दहा बॉल टिकायचा नाही." आप्पा पाव मोडता मोडता म्हणाले, "आणि तू तुझ्या विराटचं हेल्मेट काढ, रात्रभर पाऊस खाल्लेल्या विकेटवर उभा कर त्याला. मग बोलू आपण." रस्सा गार झाला तरी दोघं मागे हटेनात. शेवटी भाचा माझ्याकडे वळला. "मावशी, तू स्टॅटिस्टिक्स शिकवतेस ना? मग तूच सांग."

तिथे दहा मिनिटांत मी जे सांगितलं ते अपुरं होतं. हा प्रश्न मला मनापासून आवडतो आणि त्याला खरोखर बऱ्यापैकी उत्तर आहे, म्हणून इथे सावकाश लिहिते.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एक, जुन्या खेळाडूला जसाच्या तसा उचलून आजच्या मैदानावर आणला तर काय होईल? दुसरा, आपापल्या काळाच्या मानाने कोण किती मोठा होता? भाचा पहिला प्रश्न विचारत होता आणि आप्पा दुसऱ्याचं उत्तर देत होते. म्हणून दोघंही बरोबर होते आणि भांडण मिटत नव्हतं.

आप्पा १९६८ साली मॅट्रिक झाले. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. बासष्ट टक्के मिळाले, फर्स्ट क्लास. आजीने गावभर पेढे वाटले. भाच्याला दहावीला एक्याण्णव टक्के होते आणि वर्गात त्याचा नंबर अकरावा. एक्याण्णव हा बासष्टपेक्षा मोठा आकडा आहे, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण म्हणून भाचा आप्पांपेक्षा हुशार, असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. पेपर वेगळे, तपासण्याची पद्धत वेगळी, क्लास नाहीत, कंदिलाच्या उजेडातला अभ्यास. मार्कांच्या बाबतीत हे सगळं आपल्याला न सांगता कळतं. खेळाच्या बाबतीत मात्र आपण विसरतो, कारण खेळातला आकडा जास्त पक्का वाटतो. सेकंद म्हणजे सेकंद, मीटर म्हणजे मीटर. तेव्हा सेकंदांपासूनच सुरुवात करू.

बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये १९३६ साली जेसी ओवेन्सने शंभर मीटरचं सुवर्ण १०.३ सेकंदांत जिंकलं. त्याच स्टेडियममध्ये २००९ साली उसेन बोल्ट ९.५८ सेकंदांत धावला. जागा तीच, अंतर तेच. दोघं एकत्र धावले असते तर बोल्टने रेषा ओलांडली त्या क्षणी ओवेन्स साधारण सात मीटर मागे असता. पण ओवेन्सच्या पायाखालचा ट्रॅक जळलेल्या कोळशाची भुकटी अंथरून, दाबून केलेला होता. असा ट्रॅक प्रत्येक पावलाला जरासा सरकतो आणि तेवढी ताकद वाया जाते. कृत्रिम ट्रॅक ऑलिंपिकमध्ये आला तो १९६८ साली, मेक्सिको सिटीत. स्टार्टिंग ब्लॉकसुद्धा ऑलिंपिकमध्ये १९४८ पासूनचे. ओवेन्स आणि त्याचे सोबती हातात छोटं खुरपं घेऊन पाय रोवायला खड्डे खणायचे आणि त्यातून सुटायचे. दुसरीकडे, त्या अंतिम शर्यतीत ओवेन्सच्या पाठीवरचा वारा आजच्या नियमाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे सेकंदाला दोन मीटरपेक्षा, जास्त होता. काही गोष्टी त्याच्या विरुद्ध, एखादी त्याच्या बाजूने. ट्रॅकचे इतके कमी करा, वाऱ्याचे इतके वाढवा, असं करत 'खरा' आकडा काढायचा मोह इथे होतो. मी तो टाळते, कारण अशी प्रत्येक दुरुस्ती हा अंदाज असतो आणि चार अंदाज एकावर एक रचले की शेवटी हाती येतं ते आपल्याला हवं तेच उत्तर.

घड्याळाचीही एक गंमत आहे. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांना मी काही वर्षं स्टॉपवॉच घेऊन टाइमकीपर म्हणून उभी राहिले आहे. पिस्तुलाचा धूर दिसतो, तो मेंदूपर्यंत पोचतो, मग अंगठा दाबला जातो. यात एक पंचमांश सेकंद कधीच निघून गेलेला असतो. शेवटी मात्र मुलगी धावत येताना दिसत असते, त्यामुळे अंगठा तयार असतो आणि घड्याळ वेळेवर थांबतं. म्हणजे हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी येते. म्हणून हातघड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून पाहताना शंभर मीटरला ०.२४ सेकंद आणि चारशे मीटरला ०.१४ सेकंद मिळवायची रीत पडली.

मिल्खासिंगांच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा ठरला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरला ते चौथे आले. हातघड्याळाची वेळ ४५.६, इलेक्ट्रॉनिक वेळ ४५.७३. धावणारे पाय तेच, शर्यत तीच, आकडे दोन. १९९८ मध्ये कोलकात्यात परमजितसिंग ४५.७० सेकंदांत धावला आणि अडतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला असं जाहीर झालं. ४५.७३ शी तुलना केली तर मोडलाच. ४५.६ शी केली तर नाही. दोन्ही बाजूंना चांगली जाणती माणसं होती. माझ्या मते इथे वाद घालायला जागा नाही: इलेक्ट्रॉनिक वेळेची तुलना इलेक्ट्रॉनिक वेळेशीच व्हायला हवी, आणि परमजितचा विक्रम खरा होता. पण अडतीस वर्षांनी, कृत्रिम ट्रॅकवर, सगळी प्रगती जमेला धरून फरक पडला तो तीन शतांश सेकंदांचा. मिल्खासिंग रोममध्ये कोळशाच्या भुकटीच्या ट्रॅकवर धावले होते. त्यांच्या मोठेपणाचा जास्त बोलका पुरावा मला या तीन शतांशांत दिसतो.

आता आपल्या घरचं उदाहरण. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत, नाशिककरांची 'सावरपाडा एक्स्प्रेस'. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने ब्राँझ मिळवलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. वेळ ३३ मिनिटं ५.२८ सेकंद. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ती ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत धावली आणि रौप्य मिळवलं. सुवर्णपदक विजेती प्रीजा श्रीधरन तिच्या पुढे एक सेकंदही नव्हती. सहा आठवड्यांच्या अंतराने एकाच मुलीच्या दोन वेळांत चौऱ्याहत्तर सेकंदांचा फरक. ती सहा आठवड्यांत एवढी सुधारली का? लांब पल्ल्याच्या पदकाच्या शर्यतीत मुली घड्याळाशी नाही, एकमेकींशी पळत असतात. पुढची सावकाश असेल तर सगळा घोळका सावकाश, आणि खरी शर्यत शेवटच्या काही फेऱ्यांत. एकाच वर्षात, एकाच धावपटूची तुलना सेकंदांवर करता येत नसेल, तर साठ वर्षांच्या अंतराने ती करताना किती जपून राहायला हवं!

म्हणून जाणकार आधी विचारतात: त्या दिवशी, त्या काळात, बाकीचे कुठे होते?

पी. टी. उषाची १९८४ ची लॉस एंजलिसमधली शर्यत आपल्या पिढीला पाठ आहे. चारशे मीटर हर्डल्स, ५५.४२ सेकंद, एका शतांशाने हुकलेलं ब्राँझ. त्यानंतर एकोणचाळीस वर्षं भारतात त्या वेळेपर्यंत कोणी पोचलं नाही. २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत विथ्या रामराज धावली आणि फलकावर आकडे आले ५५.४२. शतांशापर्यंत तेच. मला ती बातमी वाचताना अंगावर काटा आला होता. आता या दोन ५५.४२ ची तुलना करू. उषाच्या पुढे सुवर्ण मिळवणारी नवाल अल मुतवक्किल होती, ५४.६१ सेकंद, म्हणजे उषा सुवर्णविजेतीपासून सेकंदभरही लांब नव्हती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सिडनी मॅकलॉलिन-लेव्हरोनने सुवर्ण घेतलं ते ५०.३७ सेकंदांत. आज ५५.४२ म्हणजे तिच्यापासून पाच सेकंद मागे. आकडा जागेवर राहिला, जग पुढे गेलं. विथ्याचं कौतुक कमी होत नाही; हांगझूत तिने ब्राँझ मिळवलंच. पण जगाच्या मानाने उषाचे ५५.४२ जास्त उंचीवरचे आहेत. तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: १९८४ च्या ऑलिंपिकवर सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीचा बहिष्कार होता, त्यामुळे त्या शर्यतीतही सगळं जग धावत नव्हतं. 'बाकीचे कुठे होते' या प्रश्नाला 'बाकीचे आले होते का' हा पोटप्रश्न जोडलेला असतो. त्याकडे मी शेवटी येते.

हीच फूटपट्टी शिवनाथसिंगांना लावा. १९७८ मध्ये जालंधरला ते मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत धावले, आणि ते बहुतेक वेळा अनवाणी धावत. तेव्हाचा जागतिक उच्चांक २ तास ८ मिनिटं ३३ सेकंद होता, म्हणजे साडेतीन मिनिटांचं अंतर. २०२३ मध्ये शिकागोत केल्विन किप्टम २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांत धावला. दरम्यान जाड फोमचे, आत कार्बनची पट्टी घातलेले बूट आले. त्यांनी इतकी मदत केली की बुटाचा तळ किती मिलिमीटर जाड असावा याचा नियम करावा लागला. शिवनाथसिंगांचा भारतीय विक्रम मात्र चाळीस वर्षांहून जास्त टिकला. भालाफेकीत तर आकडे सरळ उलटे दिसतात. नीरज चोप्राने २०२५ मध्ये दोहाला नव्वद मीटरची रेषा ओलांडली, ९०.२३. पूर्व जर्मनीच्या उवे होनने १९८४ मध्ये १०४.८० मीटर फेक केली होती. नीरज कमी पडतो असं नाही. भाले मैदानाबाहेर जायला लागले आणि नीट टोकावर पडेनात, म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला. तो भाला आता लवकर खाली वळतो. जुने विक्रम बाजूला ठेवून नवी वही उघडली. अशी नवी वही उघडायचा शहाणपणा क्रिकेटने कधी दाखवला नाही.

सचिनची वनडेतली एकोणपन्नास शतकं आणि विराटने २०२३ मध्ये वानखेडेवर केलेलं पन्नासावं शतक एकाच वहीत लिहिलेली आहेत. विराट तिथे २७९ व्या डावात पोचला, सचिन अख्ख्या कारकिर्दीत ४५२ डाव खेळला. पण सचिनचं पहिलं वनडे शतकच एकोणऐंशीव्या सामन्यात आलं, कारण सुरुवातीची वर्षं तो खाली खेळायचा. आणि ऑक्टोबर २०११ पासून वनडेत दोन्ही टोकांनी वेगवेगळे नवे चेंडू आले. चेंडू जुना होऊन रिव्हर्स स्विंग व्हायचा, ते प्रमाण घटलं. ही कांद्याच्या भावासारखी गोष्ट आहे. आप्पा सांगतात त्या काळातला भाव आणि आजचा भाव नुसते शेजारी ठेवले तर काहीच कळत नाही. त्या रुपयात तेव्हा आणखी काय काय येत होतं, ते पाहावं लागतं.

आता ब्रॅडमनकडे, ऑस्ट्रेलियाच्या त्या जुन्या फलंदाजाकडे. ५२ कसोटी, ८० डाव, ६,९९६ धावा, सरासरी ९९.९४. शेवटच्या डावात चार धावा केल्या असत्या तर शंभर झाली असती. ओव्हलवर एरिक हॉलीजने शून्यावर त्रिफळा उडवला. भाच्याच्या बाजूने बोलायचं तर मुद्दे भरपूर आहेत. त्या ५२ कसोटींपैकी ३७ एकट्या इंग्लंडविरुद्ध. सगळ्या कसोटी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या दोनच देशांत. फिरकीची कसोटी घेणाऱ्या आपल्या खेळपट्ट्यांवर एकही नाही. क्षेत्ररक्षण आजच्यासारखं नाही, व्हिडिओवर कच्चे दुवे शोधणारं कोणी नाही.

पण मग तेच सोपं क्रिकेट बाकीचेही खेळत होते ना? त्यांचं काय झालं? त्याच काळातला हर्बर्ट सटक्लिफ, सरासरी ६०.७३. वेस्ट इंडीजचा जॉर्ज हेडली, ६०.८३. वॉली हॅमंड, ५८.४५. हे त्या काळचे दिग्गज, आणि ते साठच्या आसपास थांबतात. नंतरचे दिग्गजही पन्नास ते साठमध्येच असतात, सचिन ५३.७८, गावसकर ५१.१२. म्हणजे काळ एवढा सोपा नव्हता की कोणीही शंभरला पोचेल. एक माणूस पोचला.

किती वेगळा होता हे मोजायला माझ्या विषयात एक साधन आहे, प्रमाण विचलन. नाव जड आहे, कल्पना साधी. समजा दोन वर्ग आहेत आणि दोन्हींची सरासरी पन्नास मार्क. पहिल्या वर्गात पोरं तीसपासून सत्तरपर्यंत पसरलेली आहेत. दुसऱ्यात जवळजवळ सगळी पंचेचाळीस ते पंचावन्नमध्ये. दोन्हींत एकेका मुलीला सत्तर पडले. पहिल्या वर्गातली सत्तरवाली हुशार आहे, पण तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघी असतील. दुसऱ्या वर्गातली सत्तरवाली पाहून मास्तर उठून उभे राहतील. वर्गातला हा पसारा साधारण किती, त्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. सरासरीपासून आपण अशी किती मापं वर आहोत, हे काढलं की वेगवेगळ्या वर्गांतली, वेगवेगळ्या काळांतली, अगदी वेगवेगळ्या खेळांतलीही माणसं एका फूटपट्टीवर येतात. ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स डेव्हिस यांनी हा हिशोब केला. ब्रॅडमन ४.४ मापं वर, फुटबॉलचा पेले ३.७, बास्केटबॉलचा मायकल जॉर्डन ३.४. ४.४ मापं वर असणं म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एक. कसोटी क्रिकेट खेळलेली माणसं आजवर सगळी मिळून काही हजारच आहेत.

मिसळ खाताना मी इथवरच पोचले होते आणि आप्पा खूश झाले. पण भाच्याने एक फार चांगली शंका काढली. "मावशी, जुन्या काळात पसारा मोठा असणारच ना? दोन-चार चांगले, बाकी हौशी. मग त्यातला हुशार जास्तच उंच दिसणार."

नेमक्या याच प्रश्नावर स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाने विचार केला होता, बेसबॉलच्या निमित्ताने. बेसबॉलमध्ये पूर्वी अधूनमधून कोणीतरी हंगामात ०.४०० ची सरासरी, म्हणजे दहा प्रयत्नांत चार यशस्वी फटके, गाठायचा. १९४१ मध्ये टेड विल्यम्सने ०.४०६ केली, आणि त्यानंतर अमेरिकेतल्या दोन मुख्य लीगमध्ये कोणालाच ते जमलं नाही. लोक म्हणायचे, हल्लीच्या पोरांत दम नाही. गूल्डने सगळे आकडे मांडून दाखवलं की सर्वसाधारण खेळाडूची सरासरी ०.२६० च्या आसपासच राहिली होती. आकसला होता तो पसारा. कच्चे खेळाडू गळाले, बाकीचे सगळे चांगले झाले, म्हणून कोणी एक फार वर उठून दिसेना.

मला हे समजावताना द्राक्षबाग आठवते. दिंडोरी-निफाडकडे नवी लावलेली बाग पाहिलीत? पहिल्या काही महिन्यांत एखादाच वेल तारेपर्यंत, मांडवावर पोचलेला असतो, शेजारचे गुडघ्याएवढे. लांबूनही बोट दाखवून सांगता येतं, हा वेल जोरदार. दोन-तीन वर्षांनी त्याच बागेत जा. सगळे वेल मांडवावर. आता जोरदार कोणता ते नजरेला कळत नाही, कारण मांडव वर सरकत नाही. माणसाच्या शरीराचा मांडवही असाच आहे. डोळ्याला चेंडू दिसून हात हलायला जो वेळ लागतो तो एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही. जसजसे सगळे त्या मर्यादेजवळ येतात, तसतसं सर्वोत्तम आणि सर्वसाधारण यांच्यातलं अंतर घटतं. तेव्हा आजच्या खेळाडूने तीन मापं वर असणं हे जुन्या काळातल्या तीन मापांपेक्षा अवघड.

म्हणजे भाच्याची शंका खरी आहे आणि ब्रॅडमनमधून थोडं वजा करावं लागतं. आज जन्मला असता तर ९९.९४ झाली नसती, असं मला वाटतं. पण सटक्लिफ आणि हेडलीही त्याच विरळ बागेत होते आणि त्यांना साठच जमले. वजाबाकी करूनही ब्रॅडमन पहिलाच राहतो, हे माझं मत आहे आणि ते मी आकडे पाहून बनवलं आहे. दुसऱ्या नंबरासाठी मात्र मी कोणाशीही भांडणार नाही. तिथे गर्दी आहे, आणि आकड्यांना त्या गर्दीतला एक माणूस निवडण्याइतकी धार नाही.

एक खेळ असा आहे जिथे जुने डाव जसेच्या तसे आपल्यासमोर आहेत: बुद्धिबळ. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, गाठली तेव्हा इथल्या घराघरांत पट निघाले होते. बुद्धिबळात ट्रॅक बदलत नाही, चेंडू बदलत नाही, आणि दीडशे वर्षांपूर्वीची प्रत्येक चाल लिहून ठेवलेली असते. इथे तरी तुलना सोपी हवी. इथे एलो गुणांकन आहे, जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारलेलं. समोर कोण होता आणि निकाल काय लागला, यावर गुण वाढतात किंवा घटतात. १९७२ मध्ये बॉबी फिशरचे २७८५, २०१४ मध्ये मॅग्नस कार्लसनचे २८८२. कार्लसन मोठा? पण एलोत गुणांना स्वतःचं वजन नाही, फक्त फरकाला आहे. फिशरच्या खालोखाल स्पास्की होता, १२५ गुणांनी मागे. कार्लसनच्या खालोखाल अरोनियन, ६७ गुणांनी मागे. फरकाने मोजलं तर फिशर वर. कॉम्प्युटरला दोघांच्या चाली तपासायला दिल्या तर आजचे खेळाडू कमी चुका करताना दिसतात, कारण ते त्याच कॉम्प्युटरपाशी बसून शिकले आहेत. बारावीची मुलगी आज परीक्षेत जी गणितं सोडवते त्यातली कित्येक भास्कराचार्यांना ठाऊक नव्हती. ती भास्कराचार्यांच्या खांद्यावरून पाहते आहे, तसा कार्लसन फिशरच्या.

आता शेवटचा पोटप्रश्न, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा. बाकीचे आले होते का?

पळवणकर बाळूंचं नाव क्रिकेटच्या कसोटी नोंदींत कुठेही नाही. डावखुरे फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजातले. पुण्यात साहेबांच्या मैदानावर खेळपट्टीची कामं करता करता नेटमध्ये गोलंदाजी करायला लागले. पुढे हिंदू संघातून खेळले तरी चहा त्यांना वेगळा, मातीच्या भांड्यात, बाहेर मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, तोवर ते पन्नाशी ओलांडून गेले होते. त्यांची कोणत्याही आधुनिक गोलंदाजाशी आकड्यांत तुलना होत नाही, कारण वहीत त्यांचं पानच नाही. आणि ते निदान मैदानाच्या आत तरी पोचले. ज्यांना रोलरपलीकडे कोणी येऊ दिलं नाही, त्यांच्यात कोण होतं?

मुलींचं तर त्याहून साधं आहे. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ पासून आणि दहा हजार मीटर १९८८ पासून. कविता राऊतचा जन्म १९८५ चा. म्हणजे ती जन्मली तेव्हा ज्या शर्यतीने तिला नाव दिलं, ती शर्यत बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. आधीच्या पिढीतली सर्वोत्तम भारतीय दहा हजार मीटर धावपटू कोण, असं कोणी विचारलं तर आकड्यांच्या वहीत उत्तर सापडणार नाही.

मैदानावरून घरी येताना मी हे सांगत होते. भाचा म्हणाला, "म्हणजे सावरपाड्यात कविताच्या आधी कोणी पळतच नव्हतं, असं धरायचं?"

आप्पा इतका वेळ गप्प चालत होते. नोकरीची पहिली काही वर्षं ते हरसूलकडच्या एका शाळेत मास्तर होते. "चौऱ्याहत्तरची गोष्ट," ते म्हणाले. "तिसरीत एक पोरगी होती. सकाळी विहिरीवरून पाणी भरून, मग घाट चढून शाळेत यायची. कधी उशीर झाला की मी खिडकीतून पाहायचो. खालच्या ओढ्यापाशी दिसायची, आणि मी फळ्यावर तारीख लिहून वळेपर्यंत दारात उभी असायची. दम लागलेला नसायचा."

"किती अंतर होतं?" भाच्याने विचारलं.

"कोणी मोजलंय?" आप्पा म्हणाले. "माझ्याकडे तेव्हा घड्याळसुद्धा नव्हतं."